व्हीलचेअर कुठे आहे, आणि सिस्टर कुठे आहेत?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की माझं पोट ‘कोण कुठे आहे’ हे सांगणाऱ्या यंत्रणा बसवण्यावर चालतं. गोदामं, हॉस्पिटलं, दोन मॉल, एक कापड गिरणी. पंधरा वर्षांतली बरीचशी शिडीवर गेली, फॉल्स सीलिंगच्या वर मान घालून, तोंडात टॉर्च धरून. ते एक वाक्य वाचून आलेली पत्रं इतकी एका सुराची निघाली की या महिन्यात इन्व्हर्टर आणि गीझरचे प्रश्न बाजूला ठेवते. रागावू नका. गीझरवाल्या काकांनी तोपर्यंत अर्थिंग तेवढं तपासून घ्यावं.

ठाण्याहून, पार्सल पोहोचवणारा एक तरुण: मॅडम, मी बाविसाव्या मजल्यावर गिऱ्हाइकाच्या दारात उभा असतो आणि ॲप म्हणतं, ‘तुम्ही दिलेल्या पत्त्यापासून दूर आहात.’ परत खाली उतरून गेटवर आलो की मग घेतं. दिवसातून तीन-चारदा असं होतं. चूक फोनची की माझी?

तुमची नाही. फोनचीही फारशी नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांच्या सिग्नलची ताकद घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तिथून निघालेला सिग्नल तुमच्या हातात पोचेपर्यंत इतका विरलेला असतो की फोनच्या स्वतःच्या खरखरीखाली दबून जातो. त्याचा नमुना आधीपासून ठाऊक असतो, म्हणून फोन तो कसाबसा उपसून काढतो. डोक्यावर स्लॅब आला की तेही संपलं. टॉवरच्या लॉबीत जे काही थोडं मिळतं ते समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून खिडकीतून आलेलं असतं. आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता करून येतो आणि फोनला वाटतं आपणच तेवढ्या लांब आहोत. म्हणून तुमचा निळा ठिपका रस्ता ओलांडून पलीकडच्या पेट्रोल पंपावर जाऊन बसतो.

इमारतीत शिरल्यावर फोनची खरी भिस्त वाय-फायवर असते, आणि त्यासाठी कुठल्याही वाय-फायला जोडून घ्यावं लागत नाही. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचा क्रमांक हवेत ओरडत असतो. कुठला क्रमांक कुठल्या जागी ऐकू येतो याच्या प्रचंड याद्या फोनची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी केलेल्या आहेत. तुमच्या धंद्यातली बरीच मुलं बॅटरी वाचवायला वाय-फाय बंद ठेवतात, तिथे गणित फसतं. ते चालू ठेवा, आणि लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनिंग असेल तर तेही. शिवाय लिफ्टमध्ये शिरण्याआधी गेटवरच, आकाश दिसतंय तोवर, नकाशा एकदा उघडून ठिपका स्थिर होऊ द्या.

या याद्याही कधीकधी फसतात. आम्ही नव्या इमारतीत राहायला गेलो तेव्हा मजल्यावर पहिलेच होतो. समोर नागपूरहून बदली होऊन आलेलं कुटुंब आलं, त्यांनी जुना राउटर आणि एक्स्टेंडर दोन्ही सोबत आणलेले. पुढचे काही दिवस माझा फोन घरात बसल्याबसल्या मला धरमपेठेत दाखवत होता. पुण्यात बसून नागपूरचं ऊन किती आहे ते रोज कळायचं.

बाविसाव्या मजल्याचं म्हणाल, तर उंची बहुतेक ॲप विचारातच घेत नाहीत. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. एक मीटर वर गेलं की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, म्हणजे मजल्याला छत्तीसएक. अमेरिकेत आणीबाणीच्या ९११ क्रमांकाला फोन केला तर ८० टक्के कॉलमध्ये उंची ३ मीटरच्या आत कळली पाहिजे असा तिथल्या नियामकाचा दंडक आहे आणि तो याच सेन्सरच्या जोरावर. पण आपल्याकडे पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की एका दिवसातच कित्येक मजल्यांएवढा फरक पडतो, त्यामुळे जवळच्या एखाद्या ठिकाणचा दाब सतत सोबत ताडून बघावा लागतो. तुमच्या ॲपचा खरा दोष वेगळाच आहे: पत्त्याभोवती त्यांनी आखलेलं वर्तुळ फार लहान आहे. हे कात्रण सुपरवायझरला दाखवा.

साताऱ्याहून, एक निवृत्त शिक्षिका: मुलाने पुण्याच्या मॉलमध्ये नेलं होतं. चपलांच्या दुकानासमोर उभी राहिले आणि फोनवर चपलांच्या सवलतीचा मेसेज आला! छतावर कॅमेरा असतो का? नक्की कोण बघत होतं मला?

बाई, कुणी बघत नव्हतं. तुमच्या फोनने ऐकलं. दुकानाच्या दाराशी काडेपेटीएवढी डबी चिकटवलेली असते, तिला बीकन म्हणतात. ॲपलने २०१३मध्ये आयबीकन नावाने ही कल्पना आणली आणि मग सगळीकडे पसरली. ती डबी ब्लूटूथवरून फक्त एक क्रमांक म्हणत राहते. तुमच्या मुलाने मॉलचं ॲप फोनमध्ये टाकून दिलं असणार. त्या ॲपला तो क्रमांक ओळखीचा, त्याने मेसेज दाखवला. ॲप काढून टाका, चपला गप्प होतील.

पण तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने एक जुनं दुखणं सांगते. नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ असं दाखवायचं तर आणखी एक पद्धत आहे, फिंगरप्रिंटिंग. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोघांनी २०००मध्ये ती मांडली. कल्पना साधी: इमारतीतल्या प्रत्येक जागी कुठल्या राउटरचा सिग्नल किती जोरात येतो याची आधी नोंद करून ठेवायची, नंतर एखाद्याच्या यंत्राला जे ऐकू येतंय ते नोंदींशी जुळवून बघायचं. त्यांनी एका मजल्यावर राउटरसारख्या तीनच रेडिओ-ठाण्यांच्या जिवावर ७० ठिकाणी मापं घेतली आणि २ ते ३ मीटरची चूक गाठली. मापं घेताना प्रत्येक ठिकाणी चारी दिशांना तोंड करून उभं राहावं लागलं, कारण माणूस नुसता वळला तरी सिग्नल ५ डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे सिग्नलची ताकद सांगायचं माप) बदलत होता. म्हणजे यंत्र आणि ठाणं यांच्यामध्ये आपलं अंग आलं की झालं. आपण बहुतांशी पाणीच, आणि पाणी वाय-फायच्या लहरी पिऊन टाकतं.

हे मी वाचलेलं होतं, तरी मॉलमध्ये तोंडघशी पडले. मोजणी रात्री अकरा ते पहाटे पाच, कारण दिवसा दुकानं. आम्ही दोघी फरशीवर दर दोन मीटरला खडूची फुली मारत जायचो आणि मागून मशीन घेऊन येणारे सफाईवाले मामा ती पुसत यायचे. तिसऱ्या रात्री त्यांना चहा पाजून तह केला. नकाशा सुरेख झाला. रिकाम्या मॉलचा. पहिल्या रविवारी मॉल माणसांनी भरला आणि आमची सगळी मापं अंगाअंगांत मुरली; लहान मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात उभ्या माणसाला ॲप फूड कोर्टात बसवू लागलं. पुढच्या मॉलला आम्ही गर्दीतच मापं घेतली, धक्के खात.

आणि हो, पूर्वी मॉलवाले ॲप नसलेल्या लोकांचेही फोन मोजायचे, कारण वाय-फाय शोधताना फोन आपला कायमचा क्रमांक सांगत हिंडायचा. आयफोनने २०१४मध्ये शोधताना खोटा क्रमांक सांगायला सुरुवात केली, मग अँड्रॉइडनेही तो रस्ता धरला. आता तो धंदा बराच थंडावलाय.

नांदेडहून, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी: लायब्ररीत तीन कोपऱ्यांत तीन ईएसपी३२ (वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेली छोटी सर्किटं) लावलेत आणि ब्लूटूथ टॅगच्या आरएसएसआयवरून, म्हणजे सिग्नल किती जोरात येतो त्यावरून, अंतर काढून तीन वर्तुळांचा छेद घेतोय. टॅग टेबलावर स्थिर असतानाही जागा चार-पाच मीटर उड्या मारते. आकड्यांच्या उड्या गुळगुळीत करणारा कालमन फिल्टर लावला तरी तेच. काय चुकतंय?

तुझं काही चुकत नाहीये, तू चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवलायस. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. आता उलटं कर. समज, ४ मीटरवर तुला उणे ६० डेसिबल मिळायला हवं (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). खोलीत रीडिंग सहज ६ डेसिबल वरखाली नाचतं. उणे ५४ आलं तर सूत्र म्हणणार २ मीटर, उणे ६६ आलं तर ८. टॅग जागचा हललेला नाही. अशी तीन वर्तुळं काढलीस तर ती एकमेकांना भेटतील तरी कशी?

ते नाचतं का, तेही बघ. टॅगपासून थेट आलेली लहर आणि लोखंडी कपाटावर आपटून आलेली लहर एकत्र येतात. कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारून टाकतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे टॅग चार बोटं सरकवला तरी चित्र बदलतं. त्यात ब्लूटूथ टॅग स्वतःचा क्रमांक जाहीर करायला आळीपाळीने तीन चॅनल वापरतो, ३७, ३८ आणि ३९, आणि प्रत्येक चॅनलवर हे मारामारीचं चित्र वेगळं असतं. तुझ्या यादीत हे तिन्ही एकाखाली एक मिसळून पडलेत. फिल्टर नाच कमी करेल. पण कपाटामुळे सिग्नल कायमचाच ८ डेसिबलने कमी येत असेल तर फिल्टर तुला चुकीची जागा फार स्थिरपणे दाखवेल. परीक्षकांना हे वाक्य सांग, मार्क मिळतील.

दोन रस्ते आहेत. एक, अंतराचा नाद सोड आणि ‘टॅग कुठल्या कपाटाच्या रांगेत’ एवढंच ठरव: शेवटच्या पंधरा-वीस रीडिंगांची मधली किंमत घे आणि सगळ्यात जोरात ऐकणाऱ्या नोडला, म्हणजे ईएसपी३२ला, कौल दे. नोड तीनऐवजी सहा कर. दोन, ताकदीऐवजी वेळ मोज. ईएसपी३२-एस३ किंवा सी३मध्ये एफटीएम आहे, म्हणजे माहितीचं पाकीट हवेतून जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजणारं वाय-फाय. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो हे डोक्यात ठेवून आकडे वाच, कळेल हे घड्याळ किती बारीक लागतं. तुझ्याकडचा मूळ ईएसपी३२ असेल तर त्यात ते नाही, विकत घेताना बघून घे.

वेळ असेल तर जुना एक प्रयोग वाच: एमआयटीतला २००० सालचा क्रिकेट. खेळ नव्हे, रातकिडा. छतावरचं यंत्र एकाच क्षणी रेडिओ आणि अल्ट्रासाउंड सोडतं. रेडिओ लगेच पोचतो, आवाज रेंगाळत येतो, मधला वेळ मोजला की अंतर हातात. वीज चमकल्यावर आपण गडगडाटापर्यंत आकडे मोजतो, तसंच. आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटरच चालतो, त्यामुळे साधं घड्याळ पुरतं. बाजारात दोनेकशे रुपयांत मिळणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरवरही हे करून बघता येईल.

नाशिकहून, एक मुलगी: बाबांना विसरण्याचा आजार आहे. दोनदा पहाटे दार उघडून निघून गेले. भाऊ म्हणतो खिशात एअरटॅग (वस्तू शोधायची ॲपलची चकती) ठेवू. घरात ते कुठल्या खोलीत आहेत हेही कळेल का? तुम्ही काय केलं असतं?

ताई, काय केलं असतं ते सांगायला नको, केलेलंच सांगते. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं अशाच होत्या. मनगटात घातलेलं काहीही त्या पाच मिनिटांत काढून टाकायच्या, पण गळ्यातली तुळशीची माळ कधी काढायच्या नाहीत. मी इंजिनिअर, मला वाटलं जिंकले. माळेत छोटा ब्लूटूथ टॅग ओवला, दोन खोल्यांत टॅगचा सिग्नल ऐकणारी दोन यंत्रं, म्हणजे गेटवे, आणि टॅग मिनिटभर ऐकू आला नाही की सगळ्यांचे फोन वाजणार. चौथ्या रात्री दोन वाजता फोन वाजले. नवरा चप्पल न घालता गल्लीच्या टोकापर्यंत धावला, मी उलट्या बाजूला. सासूबाई अंथरुणात झोपलेल्या होत्या. कुशीवर वळल्या होत्या आणि टॅग अंगाखाली गेला होता, बस. साताऱ्याच्या बाईंना लिहिलं ना, अंग पाणी असतं.

दुसऱ्या दिवशी मी काय लावलं? दाराच्या चौकटीत चुंबकाचा स्विच, चोरघंटीला असतो तो. दार उघडलं की आमच्या खोलीत बेल. चार वर्षांत एकदाही खोटी वाजली नाही. तुमच्या बाबांसाठी आधी हेच करा.

एअरटॅगचं तंत्र असं की तो स्वतः कुठे आहे हे त्याला कळत नाही; जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला तो ऐकू येतो आणि तो आयफोन आपली जागा कळवतो. भर मेनरोडवर ठीक. पहाटे चार वाजता गोदाकाठी किती आयफोन हिंडत असतात? ॲपलनेही तो वस्तूंसाठी केलाय. त्यात बाबांच्या खिशात त्यांचा स्वतःचा फोन असेल तर तोच ओरडेल की कुणाचा तरी टॅग तुमच्या मागावर आहे; आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर हा इशारा येतो आणि तो यायलाच हवा. बाहेरच्यासाठी सिमकार्डवालं जीपीएस घड्याळ बरं, ते टिकत असेल तर. आणि सदऱ्याच्या आतून तुमचा फोन नंबर शिवून टाका, प्रत्येक सदऱ्याला.

कोल्हापूरहून, दोनशे खाटांच्या रुग्णालयाचे प्रशासक: आमच्याकडे व्हीलचेअर आणि सिरिंज पंप सतत ‘हरवतात’. सापडतात, पण अर्ध्या तासाने. एका कंपनीने अल्ट्रा-वाइडबँडची यंत्रणा सुचवली आहे, ३० सेंटिमीटर अचूकता. कोटेशन बघून ट्रस्टींना घाम फुटला. घ्यावी का?

कंपनी खोटं बोलत नाही. अल्ट्रा-वाइडबँड खरोखर तेवढं देतं, आणि का देतं तेही ट्रस्टींना सांगता येईल. साधं वाय-फाय २० मेगाहर्ट्झच्या पट्टीत बोलतं. त्याला दोन प्रतिध्वनी वेगळे ओळखायचे तर त्यांच्या रस्त्यांत पंधराएक मीटरचा फरक लागतो. अल्ट्रा-वाइडबँडची पट्टी ५०० मेगाहर्ट्झची, ठोका जेमतेम दोन नॅनोसेकंदांचा, त्यामुळे भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी साठ सेंटिमीटर मागे असला तरी वेगळा दिसतो. पहिला आलेला ठोका खरा, बाकीचे सोडून द्यायचे. २०१९च्या आयफोनपासून हे तंत्र खिशात आलंय. चाकणला एका कारखान्यात आम्ही ते फोर्कलिफ्टवर लावलंय: माणूस तीन मीटरच्या आत आला की गाडी आपोआप हळू होते. तिथे अर्ध्या मीटरने पाय वाचतो.

तुमची व्हीलचेअर मात्र खोलीच्या डाव्या कोपऱ्यात आहे की उजव्या, याने कुणाला काय फरक पडतो? वॉर्डबॉयला मजला आणि खोली कळली की तो पळतो. तुम्हाला मीटर मोजायचे नाहीत, भिंती मोजायच्या आहेत. आणि रेडिओला नेमकी भिंतच कळत नाही. पार्टिशनच्या अलीकडे अर्धा मीटर आणि पलीकडे अर्धा मीटर त्याच्या लेखी शेजारी-शेजारी.

असंच एक रुग्णालय, पाच मजले, मी स्वस्तातली ब्लूटूथ यंत्रणा बसवलेली. पडद्यावर व्हीलचेअर चौथ्या मजल्यावर. वॉर्डबॉय चढून जायचा तर तिथे काही नाही, ती तिसऱ्यावर एक्स-रे रूमबाहेर उभी. दोन आठवडे मी केस उपटले. मग कळलं की एक्स-रे रूमच्या भिंतीत शिशाचा पत्रा असतो, त्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या गेटवेला टॅग ऐकूच येत नव्हता, आणि त्याचा सिग्नल जिन्याच्या पोकळीतून सरळ चौथ्यावर चढत होता. शिवाय तिसऱ्या मजल्याचा दुसरा गेटवे रोज दुपारी बंद पडायचा. आयाबाई तो सॉकेटमधून काढून मोबाइल चार्जिंगला लावायच्या. त्यांचं काय चुकलं? तेवढं एकच सॉकेट हाताला येत होतं.

तेव्हा माझा सल्ला असा. ब्लूटूथ टॅग घ्या, गेटवे छतावर न्या, नेटवर्कच्या केबलवरूनच वीज द्या, सॉकेटला काही लावू नका. जिथे खोली नक्की कळायलाच हवी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, पंपांचं स्टोअर, तिथे छताला इन्फ्रारेडचे बीकन लावा आणि टॅग तो उजेड ओळखणारे घ्या. टीव्हीच्या रिमोटसारखा तो भिंत ओलांडत नाही, आणि इथे तोच त्याचा गुण. लिफ्टच्या दारांशी एकेक गेटवे जास्त. टॅग सीटखालच्या लोखंडी नळीला चिकटवू नका, लोखंडाला टेकला की त्याचा अँटेना बहिरा होतो. ढकलायच्या दांड्याजवळ, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, केबल टायने. डिंकाचं स्टिकर जंतुनाशकाने पुसून पुसून महिन्यात निघतं. बॅटरी बदलण्याचं रजिस्टर कुणाच्या तरी नावाने ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी टॅगच हरवल्यासारखे होतील. टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखे बिनबॅटरीचे आरएफआयडी स्टिकर चादरी-कपड्यांना उत्तम, पण ते फक्त दारातून गेल्याचं सांगतात, आत्ता कुठे आहे ते नाही.

सही करण्याआधी कंपनीला एक वॉर्ड फुकट लावायला सांगा, तुमच्या जुन्या दगडी इमारतीतला. त्यांच्या ऑफिसातला डेमो बघू नका. आणि कोटेशनमध्ये ‘स्टाफ टॅग’ अशी ओळ असेल, बहुधा सवलतीत. ती ओळ का खोडावी ते पुढच्या पत्रात आहे.

गाव लिहू नका म्हणणाऱ्या एक स्टाफ नर्स: आमच्या गळ्यात ओळखपत्रासोबत टॅग दिलाय. ‘पेशंटच्या सुरक्षेसाठी’ म्हणाले. आता महिन्याच्या मीटिंगमध्ये कोण कुठे किती वेळ होती याचे तक्ते लावतात. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला तर बंद पडतो का? खरं सांगा.

सिस्टर, खरं सांगते: नीट गुंडाळला तर पडतो. पण पडद्यावर तुमच्या नावापुढे ‘संपर्क नाही’ असं लाल अक्षरात येईल आणि तेच तुमच्यावर शेकेल.

या धंद्याची सुरुवातच गळ्यातल्या बिल्ल्यापासून झाली. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या आसपास ॲक्टिव्ह बॅज बनवला. बिल्ला दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेडचा एक ठोका टाकायचा आणि ऑपरेटरला कळायचं की फोन कुठल्या खोलीत जोडायचा. त्यात एक उजेड ओळखणारा भाग होता: अंधार झाला की बिल्ला बंद, बॅटरी वाचावी म्हणून. म्हणजे टेबलाच्या खणात टाकला की तो गप्प झोपायचा. खण कधी लावायचा ते घालणाऱ्याच्या हातात होतं. तुमच्या टॅगला खण नाही.

आता माझ्या हातून झालेलं. एका रुग्णालयाने व्हीलचेअरसोबत नर्सनाही टॅग घेतले आणि ‘कोणत्या खोलीत किती मिनिटं’ असा रिपोर्ट मागितला. सॉफ्टवेअरमध्ये एक कॉलम वाढवायचा, दुपारचं काम, मी दिला करून. तीन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेले तेव्हा एक सिस्टर जिन्यात थांबवून म्हणाल्या, मॅडम, हे तुमचं आहे ना? हातात मेमो होता. ‘स्टाफ टॉयलेट, एकाच शिफ्टमध्ये ५२ मिनिटं.’ त्या म्हणाल्या, मी त्या दिवशी लिननच्या खोलीत चादरी मोजत होते. मी लॅपटॉप काढून कच्च्या नोंदी बघितल्या. लिनन रूम आणि टॉयलेट यांच्यामध्ये चार इंचांची वीट. लोखंडी मांडण्यांमुळे लिननमधल्या गेटवेला टॅग उणे ७८ने ऐकू येत होता, पलीकडच्याला उणे ७४ने. चार डेसिबल. नांदेडच्या मुलाला मी वर सांगितलंय की टेबलावर पडलेला टॅगही सहा डेसिबल नाचतो.

व्हीलचेअरच्या बाबतीत ही चूक झाली असती तर वॉर्डबॉयने एक दार जास्त उघडलं असतं. मी त्याच दिवशी लेखी दिलं की रिपोर्ट या कामाला वापरण्याच्या लायकीचा नाही. मेमो मागे घेतला गेला, कॉलम मी काढला. पण तो मी बनवला होता, आणि बनवताना एकदाही विचारलं नव्हतं की हा कुणाच्या विरुद्ध वाचला जाईल.

म्हणून फॉइल ठेवून द्या आणि हे करा. एकटीने नको, सगळ्यांनी मिळून, मेट्रनना बरोबर घेऊन. आधी लेखी विचारा की नोंदी किती दिवस ठेवतात, कोण बघतं आणि कशासाठी; २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा नोकरीच्या बाबतीत मालकाला थोडी मोकळीक देतो, पण हे प्रश्न विचारायला तुम्हाला कुणी अडवत नाही. मग एक चाचणी मागा. पेशंटसाठी मदतीची बेल दाबली तर खोली बरोबर दिसते का हे बघू, असं म्हणा. त्याला कुणी नाही म्हणणार नाही, कारण टॅग त्यासाठीच दिलेत. दोन सिस्टर, दोन घड्याळं, एक वही. एकीने लिनन, पँट्री, स्टोअर, चेंजिंग रूम अशा शेजारच्या खोल्यांत प्रत्येकी दहा मिनिटं थांबायचं, निम्मा वेळ भिंतीकडे तोंड करून, निम्मा पाठ करून. दुसरीने पडद्यासमोर बसून दर मिनिटाला स्क्रीन काय म्हणते ते लिहायचं. शेवटी वही आणि तक्ता शेजारी ठेवून मेट्रनची सही घ्या. वहीची झेरॉक्स मला पाठवलीत तर आकडे कसे मांडायचे ते मी लिहून पाठवेन, नाव-गाव न छापता.